रानाशी तुटलेलं नातं पुन्हा जोडताना: ओकलंडचा अनुभव आणि काही प्रश्न

रानजाई
१४ डिसेंबर, रात्री १०:१२

मंडळी, काल जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले.

गेली तीन वर्षं मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एका छोट्या गटाबरोबर महिन्यातून एकदा डोंगरात जाते. गटात बहुतेक कृष्णवर्णीय, काही मेक्सिकन आणि ग्वाटेमालन कुटुंबं, आणि आम्ही दोन-तीन भारतीय. इकडे या सगळ्यांना मिळून 'पीपल ऑफ कलर' म्हणतात. मराठीत चपखल शब्द मला सापडलेला नाही. मी 'बिगरगोरे' म्हणते, कुणाला बरा सुचला तर सांगा.

काल आमच्याबरोबर पहिल्यांदाच एक आजी आल्या होत्या. वय ८१. जन्म लुइझियानातला. दुसऱ्या महायुद्धात ओकलंडजवळच्या रिचमंडच्या गोदीत जहाजं बांधायला दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय आले, त्यांत यांचे वडील. बाकीचं कुटुंब बऱ्याच वर्षांनी मागाहून आलं, तेव्हा आजी आठ वर्षांच्या होत्या. रेडवुड रीजनल पार्क त्यांच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. इतक्या वर्षांत त्या तिथे एकदाही गेल्या नव्हत्या.

या दिवसांत तिथल्या ओढ्याकाठी लेडीबग जमतात, आपल्याकडचे शेतकरी ज्याला ढालकिडा म्हणतात तेच. थंडी काढायला हजारोंनी एकमेकांना चिकटून बसतात. कुंपणाचा खांब, नेच्याची पानं, पडलेलं खोड, सगळं लालभडक. आजींनी काठी झाडाला टेकवली, चष्मा पुसला आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग बोलायला लागल्या. लहानपणी त्यांची आजी त्यांना दलदलीच्या कडेला बेरी तोडायला न्यायची. कुठल्या सालीचा काढा कशावर, कुठला पक्षी ओरडला की पाऊस, सगळं तिला ठाऊक होतं. फक्त एक नियम होता: सूर्य कलायच्या आत रानाबाहेर. सापांना ती बाई भीत नव्हती, माणसांना भीत होती. त्या भागात रानात नेऊन माणसं मारली जात, झाडांना टांगली जात.

कॅलिफोर्नियात आल्यावर आईवडिलांनी डोंगराचं नाव काढलं नाही. 'ते आपल्यासाठी नाही' एवढंच घरात कळत होतं. कुणी कधी समजावून सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मी रायगड जिल्ह्यातली. डोंगर म्हणजे घराच्या मागचं अंगण. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, आपण लोकांना निसर्ग 'दाखवायला' नेतोय. काल कळलं की या बाईला माझ्यापेक्षा जास्त रान माहीत होतं. ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं. १९२० च्या सुमारास अमेरिकेत नऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, दर सातातला एक. पुढच्या पन्नास वर्षांत साठेक लाख माणसं दक्षिण सोडून शहरांत आली. मातीशी, झाडांशी त्यांचं नातं होतंच की. म्हणून 'पुन्हा जोडणं' यातला 'पुन्हा' मला फार महत्त्वाचा वाटतो.

तुमच्यापैकी अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आणखी कुठे असं काम कुणी करतंय का? काय उपयोगी पडलं, कुठे चुकलं? सविस्तर लिहा.

---

भटक्या_ठाणे
१५ डिसेंबर, सकाळी ८:३०

लेख मनापासून लिहिलाय, पण एक प्रश्न आहे, राग मानू नका. मी पंचवीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. डोंगर कुणाची जात-रंग विचारत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांचं फाटकही सगळ्यांना उघडं आहे, तिकीट काढा आणि आत जा. मग कृष्णवर्णीयांचा वेगळा गट, लॅटिनोंचा वेगळा गट कशासाठी? त्याने दरी वाढते असं मला वाटतं.

---

निळीकडा
१५ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५

भटक्या, तुमचा प्रश्न मलाही पडायचा. मी व्हर्जिनियात एकवीस वर्षं राहतोय. दर ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला आम्ही शेनांडोआ नॅशनल पार्कला जातो आणि लुईस माउंटनच्या कॅम्पग्राउंडवर तंबू ठोकतो. छोटं, शांत, मुलांना आवडतं. नऊ-दहा वेळा तरी तिथे झोपलो असेन.

तिथे पूर्वी 'लुईस माउंटन निग्रो एरिया' अशी पाटी होती हे मला फार उशिरा कळलं. १९३९ साली ही जागा उघडली ती कृष्णवर्णीयांसाठी वेगळी म्हणून. बाकीच्या जागा गोऱ्यांच्या. आणि हे केंद्र सरकारच्या नॅशनल पार्कमध्ये! तो भेद पूर्ण संपायला १९५० साल उजाडलं.

पार्कात पोचणं ही त्याआधीची परीक्षा. वाटेत पेट्रोल कोण देईल, जेवण कुठे मिळेल, रात्री कुठे झोपता येईल, यासाठी कृष्णवर्णीय प्रवाशांचं एक मार्गदर्शक पुस्तक १९३६ पासून तीस वर्षं निघत होतं, 'ग्रीन बुक'. न्यूयॉर्कचे एक पोस्टमन, व्हिक्टर ग्रीन, यांनी ते सुरू केलं. काही गावांत अंधार पडल्यावर कृष्णवर्णीय माणूस दिसता कामा नये असा दंडकच होता. हॉटेलं, खानावळी सगळ्यांना खुल्या करणारा कायदा १९६४ चा. रानजाईंच्या आजी तेव्हा ऐन विशीत होत्या. म्हणजे ही इतिहासातली गोष्ट नाही, हयात माणसांच्या आठवणीतली आहे.

ज्या बापाने गाडीतून उतरायला भीत प्रवास केला, तो मुलांना 'चला, जंगलात तंबू टाकू' म्हणणार नाही. मग मुलं नातवंडांना म्हणणार नाहीत. फाटक उघडून काय होतं?

---

तरंगिणी
१५ डिसेंबर, रात्री ९:४८

निळीकडा, अगदी हेच पाण्याचं. मी शिकागोत मुलांना पोहायला शिकवते.

२७ जुलै १९१९. मिशिगन सरोवरावर कृष्णवर्णीय आणि गोरे यांचे किनारे वेगळे होते, पाण्यात एक न आखलेली रेघ होती. यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा ओंडक्यांच्या तराफ्यावर तरंगत त्या रेघेपलीकडे गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि मुलगा बुडाला. पोलिसाने त्या माणसाला पकडायला नकार दिला. त्यानंतर आठवडाभर दंगल पेटली, ३८ माणसं गेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय.

पुढे कोर्टांनी भेदभाव बंद करा म्हटल्यावर कित्येक गावांनी काय केलं माहितीये? तलावच बंद केले. अलाबामातल्या माँटगोमेरीने १९५९ च्या पहिल्या दिवशी शहरातल्या सगळ्या बागा बंद केल्या आणि पोहण्याचा तलाव मातीने बुजवून टाकला. बागा उघडल्या १९६५ साली. आपल्याबरोबर ते पोहतील यापेक्षा कुणीच पोहायला नको!

माझ्या वर्गात येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांच्या आयांना पोहता येत नाही, आज्यांनाही येत नव्हतं. मी आता मुलाबरोबर आईलाही पाण्यात उतरवते. आधी फक्त पायरीवर बसून पाय सोडायचे. एक बाई तीन आठवडे पायरीवरच बसल्या होत्या. चौथ्या आठवड्यात स्वतःहून कमरेपर्यंत आल्या. घाई केली असती तर त्या परत आल्या नसत्या.

---

चवदार
१६ डिसेंबर, सकाळी ७:१५

भटक्या_ठाणे यांना.

'फाटक उघडं आहे' हे वाक्य आमच्या घरात आम्ही वेगळ्या संदर्भात ऐकलंय. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक तळी, विहिरी अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडं होतं. पाणी प्यायला कुणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठे तो ठराव जमिनीवर उतरला. आणि त्या दिवशी माणसं मार खाऊन परतली, मागाहून तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं.

ते एकेकटे गेले नाहीत, मिळून गेले. एकट्याला का जाता आलं नसतं हे ठाण्याहून महाड जवळ आहे म्हणून तरी आपल्याला कळायला हवं. शिकागोच्या त्या मुलाची गोष्ट मला आज पहिल्यांदा कळली. तरंगिणी, आभार.

---

भटक्या_ठाणे
१६ डिसेंबर, दुपारी १:२०

चवदार, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बोलेंच्या ठरावाचं शाळेत वाचलं होतं, पण ते इथे लागू पडेल हे सुचलं नाही. माझं म्हणणं चुकलं.

तरी समजून घ्यायचंय म्हणून विचारतो. आज, म्हणजे अगदी आत्ता, एखादा कृष्णवर्णीय माणूस जंगलात गेला तर नेमकं काय होतं? कुणी अडवतं का?

---

क्वीन्सची_मैना
१६ डिसेंबर, रात्री ११:०२

मी सांगते. मी न्यूयॉर्कमध्ये पक्षी बघते.

सेंट्रल पार्कमध्ये रॅम्बल नावाचा दाट झाडीचा भाग आहे. मे महिन्यात वॉर्बलर पक्षी स्थलांतर करत येतात तेव्हा पहाटेपासून तिथे दुर्बिणी लावून माणसं उभी असतात. २५ मे २०२० ला ख्रिश्चन कूपर हे तिथे पक्षी बघत होते. कृष्णवर्णीय, लहानपणापासून पक्ष्यांचा नाद. एक गोरी बाई कुत्रा मोकळा सोडून फिरत होती. तिथे कुत्र्याला दोरी लावायचा नियम आहे, तो कूपर यांनी तिला सांगितला. तिने पोलिसांना फोन लावला आणि एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस माझ्या जिवावर उठलाय असं सांगितलं. सगळं व्हिडिओत आहे. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हे कृष्णवर्णीय गृहस्थ पोलिसाच्या गुडघ्याखाली मेले. त्या फोनचा शेवट काय होऊ शकला असता हे वेगळं सांगायला नको.

दुर्बीण गळ्यात असलेला माणूस झुडपात का उभा आहे, हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. माझ्या कृष्णवर्णीय मित्राला विचारतात. तो मुद्दाम मोठी फील्ड गाइड, म्हणजे पक्षी ओळखायचं पुस्तक, हातात धरतो, टोपी उलटी घालत नाही, कुणी दिसलं की आधी स्वतः हसून हॅलो म्हणतो. पक्षी बघताना अर्धं लक्ष माणसांवर. किती थकवणारं असेल हे! आमच्या गटात असला की तो हे सगळं विसरतो. भटक्या, 'वेगळा गट कशाला' याचं माझ्यापाशी हे उत्तर आहे.

कूपर यांच्या प्रसंगानंतर आठवड्याभरात कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आणि पक्षिप्रेमींनी मिळून 'ब्लॅक बर्डर्स वीक' सुरू केला, दर वर्षी मेअखेरीस असतो. त्या आठवड्यात आम्ही लहान मुलांना दुर्बिणी हाताळायला देतो. पहिला पक्षी कुठला दाखवायचा यावर माझं ठाम मत आहे: अंगणात रोज दिसणारा रॉबिन. दुर्मीळ पक्ष्याने मूल घाबरतं, 'मला दिसतच नाही' म्हणून. रॉबिन दिसतो, आणि घरी गेल्यावर पुन्हा दिसतो.

आणखी एक. त्याच सेंट्रल पार्कच्या पश्चिम बाजूला, ८२ व्या रस्त्यापासून ८९ व्यापर्यंत, सेनेका व्हिलेज नावाचं गाव होतं. १८२५ पासून तिथे कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या मालकीच्या जमिनी घेतल्या, घरं बांधली, चर्च, शाळा उभी केली. बाग करायची म्हणून १८५७ पर्यंत ते गाव उठवलं. आता तिथे माहितीचे फलक आहेत. मी नवीन माणसांना आधी तिथे नेते, मग रॅम्बलमध्ये.

---

लेस्टरवाली
१७ डिसेंबर, दुपारी ४:३३

इंग्लंडातून. इथे कायद्याने असे वेगळे किनारे नव्हते, तरी गावाकडचा हिरवा भाग म्हणजे गोऱ्यांचा, आणि आपण शहरातले, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आमच्या लेस्टरमध्ये एवढी भारतीय वस्ती, पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ भाग गाडीने दीड तासावर, पण देवळात आणि लग्नात भेटणारे लोक तिथे भेटत नाहीत.

२०२१ च्या नाताळच्या दिवशी 'मुस्लिम हायकर्स' नावाचा गट तिथल्याच मॅम टॉरच्या डोंगरावर गेला, शंभरावर माणसं. फोटो टाकले तर खाली इतकं विखारी लिहिलं लोकांनी. गर्दी करतात, वाट झिजवतात, एक ना दोन. त्याच वाटेवर उन्हाळ्यात रोज गर्दी असते. तरी लोक थांबले नाहीत, हे मला मोठं वाटतं. २०१९ मध्ये सुरू झालेला 'ब्लॅक गर्ल्स हाइक' हा गटही असाच. रियान फातिनिकुन यांनी सुरू केला, त्यांना स्वतःला तेव्हा डोंगराचा काही अनुभव नव्हता. चालायचं ठरवलं आणि इतर बायकांना हाक मारली.

गंमत म्हणजे पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर गोऱ्या कामगारांनाही फुकट मिळाले नव्हते. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरचे गिरणी-कारखान्यांतले तरुण तिथल्या किंडर स्काउट पठारावर मुद्दाम घुसले, कारण ते माळ जमीनदारांनी शिकारीसाठी राखले होते. पाच जण तुरुंगात गेले. १९५१ मध्ये तिथेच देशातलं पहिलं नॅशनल पार्क झालं. हे मी आमच्या लोकांना आवर्जून सांगते.

आता माझा अनुभव. सासूबाईंना मी पहिल्यांदा ब्रॅडगेट पार्कला नेलं, लेस्टरला लागूनच आहे. हरणं मोकळी फिरतात. त्या नऊवारी नाही, पण गोल साडी आणि खाली स्पोर्ट शूज अशा आल्या. त्यांना वाटत होतं लोक बघतील. बघितलं कुणी फारसं नाही. पण त्या पहिली दहा मिनिटं मान खाली घालून चालल्या. मग ब्रॅकन दिसलं, तपकिरी पडलेलं नेचं, आणि त्यांना माहेरचं सातारकडचं रान आठवलं. मग काय, त्या पुढे आणि मी मागे.

काही बारीक गोष्टी. इथल्या चालण्याच्या गटांचा शेवट पबमध्ये होतो. मुस्लिम बायकांना, आपल्या बऱ्याच बायकांना तिथे अवघड वाटतं आणि त्या पुढच्या वेळी येत नाहीत, कारणही सांगत नाहीत. आम्ही थर्मासमधला चहा आणि दशम्या-चटणी नेतो. नमाजची वेळ धरून थांबा ठरवतो. आणि पत्रकावर स्पष्ट लिहितो: वाट किती लांब, चढ किती, शौचालय कुठे. शौचालयाचं लिहायला लागल्यापासून बायकांची संख्या वाढली, हे मी मोजून सांगते.

---

ओहायोतला_नवखा
१८ डिसेंबर, रात्री १२:४०

मी इथे शिकायला येऊन दीड वर्ष झालं. पुण्यात दर रविवारी सिंहगड, महिन्यातून एक ट्रेक. इथे आल्यापासून एकदाही पायवाटेवर गेलो नाही. मित्रांबरोबर जातो ते गाडीने, व्ह्यू पॉइंटला उतरतो, फोटो काढतो, परत. एकदा एकटा एका छोट्या गावाजवळच्या जंगलात गेलो होतो. पार्किंगमध्ये ट्रकमधला एक माणूस मी परत येईपर्यंत तिथेच बसून माझ्याकडे बघत होता. बोलला काही नाही. त्यानंतर धीर झाला नाही. आईला हे सांगितलेलं नाही.

प्रश्न असा की आपण या 'बिगरगोऱ्यां'त मोडतो का? मला कृष्णवर्णीयांच्या गटात जायला संकोच वाटतो, त्यांनी जे भोगलं ते आपण भोगलेलं नाही.

---

रानजाई
१८ डिसेंबर, सकाळी ९:५५

नवख्या, तू हे लिहिलंस हे बरं केलंस. त्या ट्रकवाल्याची गोष्ट वाचून घशात आवंढा आला. आधी व्यवहाराचं: काही दिवस एकटा जाऊ नकोस, कुठे चाललोय ते मित्राला कळवून जा. आणि जायचं सोडू नकोस.

मोडतो का? १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगितलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. आधी मिळालेल्यांचंही काढून घेतलं. म्हणजे आपण कोण ते इथल्या कायद्याने कधीच ठरवून टाकलं होतं. आपल्यातले बहुतेक १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आले, तोवर नागरी हक्कांची लढाई कृष्णवर्णीयांनी लढून झाली होती. आपण त्यांच्याइतकं भोगलेलं नाही हे तुझं खरंच आहे, आणि तो संकोच घेऊनच जा, तो चांगला आहे. कमी बोल, जास्त ऐक.

आणि आपल्या लोकांबद्दल एक कडू गोष्ट लिहायलाच हवी. मी गटात जाते म्हटल्यावर ओळखीच्या मराठी घरांतून मला 'त्यांच्याबरोबर? जपून हं' असं ऐकावं लागलंय. ज्या आजी ढालकिड्यांसमोर उभ्या राहून रडल्या, त्यांच्यापासून जपून राहायचं?

तू ओहायोत आहेस तर विल्बरफोर्सला जाऊन ये. चार्ल्स यंग यांचं घर तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. गुलामीत जन्मलेला हा मुलगा पुढे घोडदळाचा कप्तान झाला. नॅशनल पार्क सर्व्हिस १९१६ ची, त्याआधी पार्कांची राखण लष्कराकडे होती. १८९९, १९०३ आणि १९०४ साली कॅलिफोर्नियातले योसेमिटी आणि सिक्वोया हे पार्क राखायला कृष्णवर्णीय शिपाई होते, 'बफेलो सोल्जर्स'. सॅन फ्रान्सिस्कोहून घोड्यावर दोन आठवडे प्रवास करून यायचे. १९०३ मध्ये यंग सिक्वोयाचे प्रमुख होते. त्यांच्या शिपायांनी एका उन्हाळ्यात रस्ता थेट जायंट फॉरेस्टपर्यंत नेला, घोडागाड्या पहिल्यांदा त्या प्रचंड झाडांपर्यंत पोचल्या. कितीतरी वर्षं हे कुणी सांगत नव्हतं. योसेमिटीतले रेंजर शेल्टन जॉन्सन यांना एका जुन्या फोटोत हे शिपाई दिसले आणि त्यांनी आयुष्य या गोष्टीला वाहिलं.

योसेमिटीचे वावोना आणि टायोगा हे रस्ते चिनी मजुरांनी बांधले. सर्व्हेच्या तुकडीला डोंगरात पाव भाजून खायला घालणारे आचारी टाय सिंग, त्यांच्या नावाचं शिखर आहे तिथे. आमच्या गटात एका चिनी मुलाला हे सांगितलं तेव्हा तो नकाशावर ते शिखर शोधत बसला, जेवायला उठेना.

---

निळीकडा
१८ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

रानजाई, एक भर. या सगळ्याच्या आधी ज्यांची जमीन होती त्यांचं काय? १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने योसेमिटीच्या खोऱ्यात शिरून तिथल्या मूळच्या 'अहवानीची' लोकांना हुसकावलं, गावं जाळली. मग 'मनुष्यस्पर्श नसलेला निसर्ग' म्हणून त्याची कीर्ती झाली. आम्ही इकडे शेनांडोआतही, पार्क करताना डोंगरातली गरीब गोरी कुटुंबं उठवली. अस्पर्श रान ही कल्पनाच मला आता खटकते.

---

रानजाई
१८ डिसेंबर, रात्री १०:२०

खटकायलाच हवी. आम्ही जिथे चालतो ती जमीन ओलोनी या मूलनिवासी लोकांची. रेडवुडला लागूनच जोआकिन मिलर पार्क आहे. २०२२ मध्ये ओकलंड शहराने तिथली पाचेक एकर जागा मूलनिवासी बायकांनी चालवलेल्या 'सोगोरेया ते लँड ट्रस्ट'कडे सोपवायचं ठरवलं. पाच एकर म्हणजे किती थोडं. पण गटातल्या लोकांना ते कळलं की 'ही जमीन कुणाची' हा प्रश्न ते स्वतः विचारतात.

नवख्याने व्यक्तिगत निरोपात विचारलं, आपणच असा गट काढायचा तर सुरुवात कशी करायची. इथेच लिहिते, आणखी कुणाला उपयोगी पडेल.

नवा गट काढण्याआधी असलेला शोध. 'आउटडोअर आफ्रो' आमच्याच ओकलंडमध्ये रू मॅप यांनी २००९ मध्ये सुरू केलं, आता देशभर त्यांचे स्वयंसेवक सहली नेतात. 'लॅटिनो आउटडोअर्स' २०१३ पासून आहे. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. मी जे शिकले त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे एकच जागा पुन्हा पुन्हा. पहिल्या वर्षी मी उत्साहात दर महिन्याला नवीन ठिकाण ठरवायची, दूर, उंच, सुंदर. लोक एकदा यायचे, छान म्हणायचे, परत यायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी एकाच पार्कात दर महिन्याला गेलो. लोकांना झाडं ओळखीची झाली, पार्किंग ओळखीचं झालं, रेंजर ओळखीचे झाले. मग ते आम्हाला सोडून स्वतःच, घरच्यांना घेऊन जायला लागले. मला तेच हवं होतं.

बूट-जॅकेट विकत घ्या असं कधीही सांगू नका. साधे बूट चालतात. थंडीची जाकिटं, पाण्याच्या बाटल्या, काठ्या आम्ही जमवून ठेवल्यात, ज्याला हवं त्याने घ्यावं, परत आणावं. पार्किंगचे पैसेही लोकांना जड जातात आणि ते बोलत नाहीत. कॅलिफोर्नियात २०२२ पासून सार्वजनिक वाचनालयांतून स्टेट पार्कचा पास पुस्तकासारखा घरी नेता येतो, दोनशेवर पार्कांत चालतो. लायब्ररी कार्ड असलं की झालं. हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही, सांगत सुटा.

इथे पॉयझन ओक नावाचं झुडूप सगळीकडे असतं, लागलं तर अंगावर दोन आठवडे फोड. इंग्रजीत मुलांना 'तीन पानं दिसली की सोडून द्या' असं शिकवतात. मी माझ्या मुलीला सांगितलं, कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, पण या पळसाला हात लावायचा नाही. तिने ते गटातल्या सगळ्या मुलांना शिकवलं, आता ती मुलं 'पलस, पलस' ओरडतात.

वाटेवर भाषण नको. मी आधी प्रत्येक झाडापाशी थांबून माहिती द्यायची. एका काकांनी मला शांतपणे सांगितलं की आम्ही इथे ऐकायला आलोय, पण तुला नाही. त्या दिवसापासून पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही. मग ज्याला जे आठवेल ते तो सांगतो. मिरची कशी लावायची, मासा कसा गळाला लावायचा, आजोळची विहीर. मेक्सिकोतल्या ओआहाकाची एक बाई एकदा नोपालवर, म्हणजे निवडुंगाच्या भाजीवर, अर्धा तास बोलली आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांसाठी करून घेऊन आली.

---

तरंगिणी
१९ डिसेंबर, सकाळी ६:५०

'आम्ही इथे ऐकायला आलोय, पण तुला नाही.' हे मी पोहण्याच्या वर्गालाही लावणार आहे.

---

रानजाई
११ जानेवारी, संध्याकाळी ५:१५

धागा वर काढते. काल पुन्हा गेलो. आजी आल्या, आणि बरोबर धाकटी बहीण, वय ७६, आणि सहा वर्षांचा पणतू. रात्री पाऊस होऊन गेला होता. ढालकिडे अजून आहेत, पण पावसाने पानांखाली सरकलेत. पणतूला दिसेनात. आजी काठीवर भार देऊन हळूच खाली वाकल्या आणि एक नेचं उलटं करून त्याला दाखवलं. फेब्रुवारीत ऊन तापलं की ते उडून जातील असं मी सांगितलं, तेव्हा बहिणी एकमेकींकडे बघून म्हणाल्या, मग फेब्रुवारीत यायला हवं.

परत निघताना दुपारचे तीन वाजले होते. आम्ही आवरायला लागलो तर आजी बाकावर बसूनच राहिल्या. मी विचारलं, निघायचं का, थंडी वाढेल. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, इथलं फाटक किती वाजता बंद होतं? मी सांगितलं, अजून वेळ आहे. मग थांबू, म्हणाल्या. रेडवुडच्या उंच झाडांमधून उन्हाची तिरीप खाली येत गेली, मग झाडांच्या शेंड्यावरच राहिली. सूर्य कलेपर्यंत आम्ही तिघी तिथे बसलो होतो, पणतू ओढ्यात काटक्या सोडत होता.

---

फ्रीमाँटकर
११ जानेवारी, रात्री ८:०१

मी इतके दिवस नुसती वाचत होते. आई फेब्रुवारीत भारतातून येतेय, गुडघे दुखतात तिचे. तिला घेऊन आले तर चालेल का? कुठून शिरायचं?

---

रानजाई
११ जानेवारी, रात्री ८:२०

चालेल म्हणजे काय, वाट बघतो. स्कायलाइन गेटकडून येऊ नका, तिथून उतार आहे आणि येताना चढ पडेल. रेडवुड रोडवरून कॅनियन मेडोला गाडी लावा. तिथून ओढ्याकाठची वाट सपाट आहे, सुरुवातीला डांबरी. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार, सकाळी दहा. आईंना सांगा, त्यांच्या वयाच्या दोघी आहेत सोबतीला.